गॅरेजमध्ये तर मस्त चालू होते!

640 युरोचं ते बिल अजून आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लटकतंय. बायको महिनाभर म्हणतेय, काढ ते आता. काढणार नाही. ज्यांना जुनी इटालियन गाडी घ्यायची हौस आहे त्यांनी आधी या बिलाची कहाणी ऐकावी, मग काय ते ठरवावं.

गाडी म्हणजे अल्फा रोमिओ जीटी 1300 ज्युनिअर, 1972 ची, गेरूकडे झुकणारी पिवळी. नोकरीसाठी मी इटलीत तोरिनोत (तुरिनला) आलो त्याला नऊ वर्षं झाली, आणि आल्यापासून या गाडीवर डोळा होता. हिचा मूळ आकार 1963 चा, गाड्यांचे आकार घडवणाऱ्या बेर्तोने कंपनीत काम करणाऱ्या तरुण डिझायनर जुजारोने काढलेला. इटलीत तेव्हा मोठ्या इंजिनाला कर जास्त, म्हणून 1966 मध्ये अल्फाने त्याच आकारात 1290 सीसीचं इंजिन बसवून ही ‘ज्युनिअर’ काढली. नावालाच धाकटी. इंजिनाच्या डोक्यावर झडपा उघडणारे दोन कॅमशाफ्ट, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. ठाण्याला बाबांची कुर्ल्यात बनलेली पद्मिनी होती, स्टिअरिंगच्या दांड्यावर चार गिअर आणि ब्रेक लावायचा तो देवाचं नाव घेऊन. तीही मुळात फियाट, म्हणजे या तोरिनोचीच लेक. पण दोघींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला फार उशिरा कळलं.

कागदपत्रांचं फार काही सांगण्यासारखं नाही. सगळे घाबरवतात, पण नाव बदलायला अर्धा तास लागला. काळी नंबरप्लेट आहे तशीच राहिली. ऐतिहासिक गाडीचा दाखला मिळवायला आधी एका क्लबचं सभासद व्हावं लागतं, मग गाडीचे चहूबाजूंनी फोटो आणि चासीवर ठोकलेल्या नंबरचा जवळून फोटो. काही महिन्यांनी दाखला आला. तो घ्याच. इथे जुन्या पेट्रोल गाड्यांवर शहरात निर्बंध असतात आणि सवलत मागायची तर हाच कागद लागतो. नियम बदलत असतात, दर हिवाळ्याआधी एकदा बघून घ्या.

आता मुद्द्यावर येतो.

डिसेंबरात आम्ही तीन आठवडे ठाण्याला गेलो होतो. परत आल्यावर पहिल्याच शनिवारी सकाळी मी आवारातल्या गॅरेजचं शटर वर केलं. बाहेर उणे तीन. आत बसलो, थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोकचा दांडा पूर्ण ओढला, अॅक्सिलरेटरवर पाय दिला आणि सेल्फ मारला. पद्मिनी अशीच चालू व्हायची. बाबांचा मंत्र ठरलेला होता: “चोक ओढ, पाय दे, सोडू नकोस.” इंजिन फिरत राहिलं, पेटलं नाही. आणखी पाय दिला. वीसेक वेळा तरी दाबला असेन. मग पेट्रोलचा वास इतका यायला लागला की वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी खिडकी उघडून गॅस लीक आहे का, असं विचारलं.

गाडी ओव्हर झाली होती, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालं होतं. प्लग काढले तर चारही चिंब.

त्या रात्री बसून वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पद्मिनीच्या कार्बोरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या यंत्राला, एकच घसा (हवा आत जाण्याची नळी), आणि चोक ओढला की त्याच्या तोंडावर पत्र्याची झडप बसते. हवा कमी, पेट्रोल जास्त. साधा हिशोब. माझ्या अल्फाला बोलोन्याच्या वेबर कंपनीचे दोन आडवे कार्बोरेटर आहेत, 40 डीसीओई. प्रत्येकाला दोन घसे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र घसा. आणि यात झडप नाहीच! दांडा ओढला की आतली वेगळी वाट उघडते आणि इंजिनाच्या ओढीने त्या वाटेतून जादा पेट्रोल येतं. ही ओढ केव्हा असते? पाय पूर्ण वर असतो तेव्हाच. पाय दिला की ओढ मेली, चोक असून नसल्यासारखा. शिवाय पाय दाबला की कार्बोरेटरमधला छोटा पंप घशात पेट्रोलची सरळ पिचकारी मारतो. म्हणजे बाबांच्या मंत्राने मी चोक बंद पाडत होतो आणि पिचकाऱ्यांनी इंजिन बुडवत होतो.

दुसरी गोष्ट, गाडी तीन आठवडे उभी राहिली की फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल उडून जातं. पेट्रोल पंप इंजिनावर चालणारा, तेव्हा इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल वर चढत नाही. सुरुवातीच्या माझ्या दहा पिचकाऱ्या कोरड्याच गेल्या, आणि चेंबर भरल्यावरच्या दहा मात्र नेमक्या लागल्या.

पुढच्या शनिवारी प्लग सुकवून, बॅटरी रात्रभर चार्ज करून सगळं पोथीत लिहिल्यासारखं केलं. चोक पूर्ण, पाय अॅक्सिलरेटरवरून बाजूला, सेल्फ. इंजिन पेटलं! पण कसं? लंगडत. थडथड-थडथड करत चार सेकंदांत मेलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी प्लग काढून ‘ला स्ताम्पा’ या वर्तमानपत्राच्या पानावर क्रमाने ओळीत ठेवले. पहिल्या दोघांखाली कागदावर ओले डाग पसरले. तिसरा आणि चौथा खडखडीत कोरडे. मी फोटो काढला. हा फोटो लक्षात ठेवा.

गाडी उचलणाऱ्या ट्रकवरून ती एका गॅरेजमध्ये पाठवली. नाव घेत नाही. काचेचा दर्शनी भाग, भिंतीवर जुन्या शर्यतींचे फोटो, काउंटरवर कॉफीचं मशीन. मी काउंटरवरच्या माणसाला फोटो दाखवला. म्हटलं, हे दोन ओले आहेत, हे दोन कोरडे आहेत. त्याने नम्रपणे सांगितलं, “फोटोवरून निदान होत नसतं, साहेब.”

दुसऱ्या दिवशी फोन. “पार्ते बेनिस्सिमो!” एकदम मस्त चालू होते म्हणे. गेलो. खरंच सेल्फ मारताच चालू झाली. आनंदात घरी आणली. सोमवारी सकाळी पुन्हा थडथड आणि शांतता.

पुन्हा ट्रक. पुन्हा फोन, “बेनिस्सिमो.” या वेळी म्हणाले बॅटरी अशक्त आहे. नवी बॅटरी टाकली. घरी आणली. सकाळी थडथड, फक्त जरा जास्त जोमाने.

तिसऱ्या खेपेला म्हणाले, कार्बोरेटरच खोलावे लागतील. खोलले, धुतले, गॅस्केट आणि निडल व्हाल्व्ह नवे टाकले. तेच ते 640 युरो, त्यातली अर्ध्याहून जास्त मजुरी. घरी आणली. सकाळ. थडथड.

चौथ्या वेळी मी काउंटरवर आवाज चढवला. इटालियन भाषेत भांडताना माझं व्याकरण कोसळतं, त्यामुळे राग आणखी वाढतो. समोरचा माणूस मात्र शांत. हात पसरून त्याचं एकच पालुपद, “पण आमच्याकडे तर चालू होते!”

आणि ते खरं होतं, हीच तर खरी चीड आहे. आत हीटर चालू, मेकॅनिक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. तिथे रात्रभर ठेवलेली गाडी सकाळी दहाला अठरा-वीस अंशांना चालू करणार, सवयीने दोन पिचकाऱ्या मारणार, आणि ती चालू होणारच. तिला तिथे चोक लागतच नव्हता! तापाचा माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत घाम येऊन बरा व्हावा, तसं. चार खेपांत एकदाही कुणी गाडी रात्री बाहेर अंगणात उभी करून सकाळी सातला बघितली नाही. मी सांगितलं होतं. “जागेची अडचण आहे” असं उत्तर मिळालं.

म्हणून माझा पहिला सल्ला, जो खरं तर सुरुवातीलाच द्यायला हवा होता: थंडीत चालू न होणारी गाडी गॅरेजमध्ये नेऊ नका. मेकॅनिकला गाडीकडे आणा.

क्लबातल्या एका गृहस्थांनी एक निवृत्त मेकॅनिक सुचवले. पंचाहत्तरी ओलांडलेले, बोलायला तुसडे. मी त्यांना मनातल्या मनात ‘उस्ताद’ म्हणतो. फोनवर म्हणाले, “आज बुधवार. शनिवारपर्यंत तिला हात लावायचा नाही. मी सातला येतो.”

आले. बोनेट उघडलं आणि आधी रेडिएटरवर तळहात ठेवला. मी चोरून चालू करून पाहिली नाही ना, याची खात्री! मग मला आत बसवलं. चोक ओढला, पाय वर, सेल्फ. थडथड-थडथड. “बास.” सायलेन्सरकडे जाणारे चार पाइप इंजिनातून निघतात तिथे त्यांनी एकेकाला बोटाचं टोक लावलं. पुढचे दोन कोमट, मागचे दोन थंडगार. मला बोलावून माझंही बोट लावायला लावलं.

“प्लग बघितले होते?”

मी फोन काढून तो फोटो दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. “इंजिनिअर, हा फोटो केव्हाचा?” मी म्हटलं, पाच आठवड्यांपूर्वीचा. ते काही बोलले नाहीत. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाले, आत बसून फक्त चोकचा दांडा मागे-पुढे कर. केला. “आता इकडे ये, मी करतो, तू बघ.” टॉर्च धरून वाकलो. एकाच केबलवरून दोन्ही कार्बोरेटरची चोकची तरफ ओढली जाते. पुढची तरफ टकटक हलत होती. मागची हलतच नव्हती. तिच्या स्क्रूखालून तार सुटून नुसती सरकत होती, दोन बोटं मोकळी. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला जादा पेट्रोल, तिसऱ्या-चौथ्याला उपास. कार्बोरेटर खोलून, धुऊन, नवे भाग टाकून परत बसवताना तो स्क्रू कुणी आवळून पाहिला नव्हता.

उस्तादांनी तार ताणली, छोट्या पान्याने स्क्रू आवळला. पाच मिनिटं. उणे दोन तापमानात, अर्ध्या वळणात गाडी चारही सिलिंडरवर पेटली. मी आवारात सकाळी साडेसातला मोठ्याने ओरडलो, मराठीत. आजीबाईंची खिडकी पुन्हा उघडली.

उस्तादांनी पैसे घेतले वीस युरो आणि एक कॉफी. कॉफी पिताना म्हणाले की पाच अंशांच्या वर चोकला हातच लावू नकोस, तो डोंगरात राहणाऱ्यांसाठी आहे. त्यांची पद्धत मी आता डोळे मिटून करतो. आधी पाय न लावता सेल्फ मारायचा, दहा सेकंदांहून जास्त सलग नाही, मध्ये सेल्फला दम खाऊ द्यायचा. चेंबर भरतात आणि ऑइलचा काटा जागचा हलतो. मग थांबून अॅक्सिलरेटर चार वेळा पूर्ण दाबायचा, पाचव्यांदा नाही. मग किंचित पाय देऊन सेल्फ. पेटली की मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या आसपास पायाने धरून ठेवायची, मिनिटभर खोकते, मग सावरते. ओव्हर झालीच तर पाय तळाला टेकवून तसाच ठेवायचा आणि सेल्फ मारायचा, पंप करायचा नाही. आत हवा खेळून घसे सुकतात.

उभ्या उभ्या गरम करत बसू नका. शेजारी भांडतात ते वेगळं, इंजिनालाही ते मानवत नाही. मिनिटा-दोन मिनिटांत निघा आणि 2500-3000 फेऱ्यांच्या वर नेऊ नका. पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, ऑइल मागाहून तापतं. माझ्या इंजिनात सहा लिटरच्या वर ऑइल बसतं, 20डब्ल्यू50 हे जाड ऑइल, थंडीत ते मधासारखं असतं. तोवर दुसरा गिअरही रुसलेला असतो. या अल्फांचा हा जुना आजार आहे, थंडीत दुसरा टाकला की आतून करकर दात खाल्ल्याचा आवाज येतो. मी पहिले चार-पाच किलोमीटर पहिल्यातून थेट तिसऱ्यात जातो. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, “दुसरा काय शोभेला दिलाय का?”

प्लगबद्दल राहिलं. जुन्या लोकांचा जीव चार टोकांच्या गोल्डन लॉज प्लगवर असतो, माझ्या गाडीत तेच होते. एकदा चिंब झाले की ते सहजी माणसात येत नाहीत. एक साधा सेट गाडीत ठेवावा, सोबत प्लग पाना.

आणि हो, अग्निशामक. थंड इंजिन कधी कधी कार्बोरेटरच्या तोंडातून उलटी ठिणगी टाकतं, आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं असलं तर विषय संपला. म्हणून एअर फिल्टर काढून सेल्फ मारू नका, पेट्रोलचे रबरी पाइप दरवर्षी बोटाने दाबून बघा, हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर कुजतं. माझा अग्निशामक डिकीत होता, स्टेपनीच्या मागे, प्लास्टिकच्या मूळ पिशवीसकट. उस्तादांनी जाताना तो काढला, पिशवी फाडून माझ्या हातात दिली आणि सिलिंडर शेजारच्या सीटखाली सरकवला.