पद्मिनीचे मागचे स्पीकर बदलले, ट्रेला करवत न लावता

मंडळी, इंजिन आणि ब्रेकचं रामायण मागच्या भागांत झालं. आता डिकीच्या बाजूला येऊ.

कॅसेटच्या जमान्यात कुणीतरी माझ्या या प्रीमियर पद्मिनीच्या मागच्या ट्रेला (मागच्या सीटमागे, काचेखाली असते ती आडवी फळी) दोन गोल भोकं पाडून चार इंची स्पीकर बसवले होते. त्यांचे कागदी कोन (हलून आवाज काढणारे पडदे) उन्हानं पापडासारखे झाले होते आणि कडेच्या फोमला बोट लावलं की भुगा पडायचा. इंदूरचं एप्रिल-मेचं ऊन मागच्या काचेतून थेट ट्रेवर येतं, त्यात फोम टिकणारच नाही. म्हणून नवीन घेताना कोन पॉलिप्रॉपिलीनचा आणि कडा रबराची, ही पहिली अट.

दुसरी अट जास्त कडक होती: आहे तो ट्रे आणखी कापायचा नाही, आणि खालच्या पत्र्याला तर हातच लावायचा नाही. इंजिनाचे भाग अजून कुठे ना कुठे सापडतात, पण हार्डबोर्ड-रेक्झीनची कामं सापडत नाहीत. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता भंगारातून चांगला ट्रे मिळेल ही आशा मी सोडली आहे.

इंदूरच्या जेल रोडच्या बाजारात जाल तिथे एकच सल्ला. "भिया, सिक्स बाय नाइन ओव्हल डलवा लो, गाडी हिल जाएगी." आमची पद्मिनी गाणी न लावताही हलते, ते सोडा. पण ओव्हलसाठी पत्रा कापावा लागला असता. माझ्या गाडीत ट्रेखालच्या पत्र्यात जी मूळ मोकळी जागा आहे, तिच्यात साडेसहा इंची गोल स्पीकर आरामात मावतो. मग तोच घेतला. वॅटच्या आकड्यांकडे पाहू नका. डेकच्या डब्यावर ५० गुणिले ४ छापलेलं असलं तरी सलग मिळतात ते वीसेक वॅट. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटला स्पीकर किती मोठ्यानं वाजतो ते. ८९ डीबीऐवजी ९२ डीबीचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते.

खोली मोजायची मात्र नीट. डिकीचं झाकण बंद होताना त्याचे बिजागरीचे दांडे आत वळतात आणि मॅग्नेटला घासू शकतात. फुटपट्टीनं हे कळत नाही. मी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणला, मॅग्नेट येणार तिथे ट्रेखाली चिकटवला आणि झाकण हळूच बंद केलं. उघडल्यावर गोळा जेवढा उरला तेवढी जागा आपली. आईनं विचारलं, "पोळ्या आता डिकीत लाटणार आहेस का?" गोळा दाबला गेला नव्हता, काम पुढे सरकलं.

उघडताना सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. मग मागची सीट, मग तिची पाठ. मागच्या काचेवर जाडी गोधडी टाकली, कारण पेचकस निसटला तर काच कुठून आणायची! जुनं रेक्झीन थंडीत ताठ असतं आणि दुमडलं की तडकतं. गाडी तासभर उन्हात उभी केली की ते मऊ होतं, हेअर ड्रायरची गरज नाही. ट्रे धरून ठेवणाऱ्या क्लिपा काढायला पुट्टीचा पत्रा घेतला, त्याच्या धारेवर मास्किंग टेपचे दोन वेढे. पत्रा क्लिपेच्या अगदी मानेपाशी सरकवायचा आणि तिथूनच उचकटायचं. दोन क्लिपांच्या मधे जोर दिला की हार्डबोर्डचा तुकडाच हातात येतो. ट्रेच्या दोन्ही टोकांच्या कडा बाजूच्या कव्हराखाली दडलेल्या असतात, म्हणून ट्रे वर उचलायचा नाही, पुढे ओढायचा.

नवा ट्रे बनवायला जुना ट्रे सहा मिलिमीटरच्या प्लायवर ठेवून पेन्सिलीनं गिरवला. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) स्वस्त पडतं, पण पावसाळ्यात काचेच्या रबरातून दोन थेंब आले की फुगतं. जुना हार्डबोर्ड तीनच मिलिमीटर जाडीचा, त्यामुळे प्लाय कव्हराखाली शिरेना. सुतारानं खालच्या बाजूनं कडांना रंधा मारून त्या पातळ केल्या, तेव्हा कुठे तो जुन्यासारखा सरकून बसला. स्पीकर खालून लावले. टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) आधी वरून ठोकले, मग त्यावर पातळ जाळीदार कापड ताणून चिकटवलं. वरून पाहिलं तर एक काळा ट्रे, बाकी काही नाही. भोकं पाडायची सगळी कामं स्पीकर खोक्यात असतानाच उरकली. मॅग्नेट लोखंडाचा कीस ओढून घेतो आणि तो एकदा कॉइलमध्ये गेला की कायमची खरखर.

वायरिंगकडे जरा थांबूया, कारण पैसे इथेच जळतात. जुन्या कामात प्रत्येक स्पीकरला एकच वायर आणि दुसरं टोक बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. जुन्या डेकला ते चालायचं. नव्या डेकचं आउटपुट ब्रिज प्रकारचं असतं: चालू असताना स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या मानानं पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे साधारण सहा व्होल्ट दाब असतो. त्यातली एक बॉडीला टेकवली तर आतली चिप जाऊ शकते. म्हणून जुनी एकेरी वायर तशीच गुंडाळून ठेवली आणि डेकपासून दोन्ही बाजूंना नवीन दुहेरी लवचीक वायर ओढली. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी.

प्लस-मायनस तपासायला भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो. क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला तर सेलचं प्लस जिथे टेकलंय ते स्पीकरचं प्लस. एका बाजूला उलटं जोडलं तर दोन्ही कोन एकमेकांविरुद्ध हलतात आणि ढोलकी गायब होते.

लावून पाहिलं. आवाज स्वच्छ, पण पोकळ. कारण ट्रे आणि सीटच्या पाठीमधली बोटभर फट: कोनाच्या मागची हवा तिथून पुढे येऊन पुढच्या आवाजालाच खाते. सियागंजच्या बाजारातून फोमची पट्टी आणून ती फट आणि दोन्ही टोकं बंद केली. डिकीच आता खोक्याचं काम करते. बास जो उतरला, तो स्पीकर बदलून आलेल्या फरकापेक्षा मोठा होता, आणि पट्टीची किंमत सांगायचीही लाज वाटते.

जुना ट्रे मूळ क्लिपांसह माळ्यावर आडवा ठेवलाय. उभा ठेवला तर हार्डबोर्डला बाक येतो. त्यातल्या काही क्लिपांचे पाय आधीच मोडलेले होते. कुणाकडे पद्मिनीच्या ट्रेच्या क्लिपा पडून असतील, किंवा दुसऱ्या एखाद्या गाडीच्या याच मापाला बसतात हे कुणी करून पाहिलं असेल, तर जरूर कळवा. पुढच्या दारांना हात लावायच्या आधी मला त्या हव्यात.