हिलसाची चरबी आणि रश्श्यावरची तर्री

१९७२ मध्ये गुजरातेत तापीवर उकाई धरण झालं आणि समुद्रातून तापीत चढणाऱ्या हिलसासारख्या माशांची वाट खानदेशात पोचायच्या आतच अडली. आता भुसावळ-जळगावकडे हिलसा मिळालाच तर तो बर्फाच्या पेटीतून आलेला.

पण अशा माशाच्या चरबीत विषही असू शकतं. डीडीटी (कीटकनाशक), पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली रसायनं) पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत मुरतात. अंडी घालायला नदीत चढणारा मासा खाणं जवळपास सोडतो आणि साठवलेली चरबी जाळतो. चरबी घटते, विष मात्र उरलेल्या चरबीत दाट होतं. त्यातलं बरंच गाभोळीत उतरतं, म्हणून पोरांना गाभोळी रोज देऊ नका. अलास्कात तर सॅमन मासे समुद्रातलं पीसीबी थेट तळ्यांच्या गाळात नेऊन टाकतात.

मासा साफ करताना कातडी सोला. पोटाकडची चरबीची पट्टी, पाठीवरची चरबी आणि कुशीच्या मधल्या रेषेलगतचं काळपट मांस कापून टाका. मग जाळीवर भाजा, ठिबकलेली चरबी फेका. आपल्या रश्श्यात हीच चरबी तर्रीत उतरते आणि भाकरीबरोबर पोटात जाते! पारा आणि पीएफएएस (नॉनस्टिक लेपांसारख्या वस्तूंतली, सहजी न विघटणारी रसायनं) मात्र प्रथिनांना चिकटतात. तिथं सुरीचा उपयोग नाही, असा मासा कमीच खावा.

तपासणीला नमुना द्यायचा तर पीसीबीसाठी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, प्लास्टिक नको. पीएफएएससाठी उलट: पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकची डबी, फॉइल नको, टेफ्लॉन तर नकोच. इथं अदलाबदल झाली की नमुना वाया जातो.