आमची वाटचाल : एकही बिट इकडचा तिकडे नाही

२००४ साली पुण्यात कर्वेनगरच्या दोन खोल्यांत मी आणि माझ्या मित्राने कंपनी सुरू केली, तेव्हा एच.२६४ हे व्हिडिओ दाबून लहान करण्याचं मानक येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आधीच्या एमपेग-२ मानकाच्या साधारण निम्म्या डेटात तेवढंच चांगलं चित्र मिळत असल्याने सेट-टॉप बॉक्सवाल्यांना त्याचा डिकोडर, म्हणजे दाबलेल्या डेटातून पुन्हा चित्र उलगडणारा प्रोग्राम, हवा होता. मानकाचा दस्तऐवज हातात आहे, सहा महिन्यांत उरकू, असं वाटलं. दोन वर्षं लागली.

व्हिडिओ दाबणारा एन्कोडर कसा लिहायचा ते मानक सांगत नाही. डिकोडरचं उत्तर मात्र तंतोतंत जुळावंच लागतं. पुढची चित्रं मागच्या चित्रावर बेतलेली असतात, त्यामुळे एका पिक्सेलमधली चूक पुढे पसरत जाते.

पहिल्या ग्राहकाकडे तेच घडलं. कॅमेरा चेंडूमागे वळला की पडद्यावर चौकोनी तुकडे फाटत जायचे. आपल्याकडचं तेव्हाचं प्रक्षेपण इंटरलेस्ड, म्हणजे ५७६ ओळींतल्या सम आणि विषम ओळी आळीपाळीने. एच.२६४मध्ये त्यासाठी एमबॅफ नावाची सोय आहे : ब्लॉकची, म्हणजे चित्राच्या १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनांची, प्रत्येक जोडी फ्रेम (सगळ्या ओळी एकत्र) म्हणून जाईल की फील्ड (सम आणि विषम ओळी वेगळ्या) म्हणून, हे जोडीगणिक बदलू शकतं. आम्ही मानकासोबतच्या संदर्भ डिकोडरचे आणि आमचे आकडे दोन फाइलींत ओतले आणि ओळीला ओळ ताडत बसलो. रात्री दोनला पहिला फरक सापडला. आपली जोडी फ्रेमची आणि डावीकडची फील्डची असेल, तर एका ओळीचा शेजारी वरच्या ब्लॉकमध्ये असतो आणि तिच्या लगेच खालच्या ओळीचा खालच्या ब्लॉकमध्ये. आम्ही दोन्हींसाठी एकच धरला होता. दुरुस्ती चार ओळींची निघाली. एमबॅफच्या चाचणी फाइली माल द्यायच्या घाईत मीच बाजूला ठेवल्या होत्या, याची रुखरुख अजून आहे. तेव्हापासून सगळ्या फाइली पास झाल्याशिवाय आमच्याकडून काहीही बाहेर जात नाही.

२०१३ साली एचईव्हीसी हे पुढचं मानक आलं आणि एमबॅफ गेलं. पण १६ बाय १६ चे ब्लॉक ६४ बाय ६४ पर्यंत वाढले, शिवाय दहा बिटांचं चित्र (पिक्सेलच्या प्रत्येक आकड्याला आठऐवजी दहा बिट) आलं. ते आम्ही सोळा बिटांत साठवायचो, म्हणजे आठ बिटांच्या चित्राच्या दुप्पट जागा. चिपच्या आतल्या मेमरीत मावणारं सामान बाहेर ठेवावं लागलं. आकडेमोड वेगात होत होती, खोळंबा मेमरीच्या ये-जेत होता. शिवाय पेटंटचे परवाने एकाहून अधिक गटांकडे विखुरलेले. आमचे कितीतरी लहान ग्राहक त्या धास्तीने एच.२६४वरच थांबले, आणि आम्हाला दोन्ही सांभाळावी लागली.

२०१८ साली एव्ही१ हे आणखी एक मानक आलं, पाठोपाठ डेव्हिड हा मोफत आणि अतिशय वेगवान डिकोडर आला. त्याचा कोड वाचून मी मनापासून खूश झालो, पण आमचं संगणकावरच्या डिकोडरचं काम तिथे संपलं. उरली ती लहान चिपवरची कामं, जिथे दर किलोबाइटसाठी झगडावं लागतं.

सध्या व्हीव्हीसी या एचईव्हीसीनंतरच्या मानकाचं काम चालू आहे. तिथे ब्लॉक १२८ बाय १२८ पर्यंत जातो. चाचणी फाइलींची यादी भिंतीवर लावली आहे. अजून अकरा नावांपुढे बरोबरची खूण यायची आहे.