फाइल जागेवर आहे, तरी टॉमकॅट म्हणतो ‘नाही’

एका कार्यालयातले जुने रिपोर्ट टॉमकॅट ९ या जावा वेब-सर्व्हरवर आणायचं काम होतं. नव्याने लिहिण्याइतका वेळ नव्हता, म्हणून स्क्रिप्ट आहेत तशाच सीजीआयने (वेब-सर्व्हरने बाहेरची स्क्रिप्ट चालवून तिचं आउटपुट ब्राउझरला द्यायची जुनी पद्धत) चालवायच्या ठरल्या. सर्व्हर लिनक्सचा.

टॉमकॅटमध्ये सीजीआय मुळात बंद असतं. कॉन्फ फोल्डरच्या वेब.एक्सएमएलमध्ये सीजीआय सर्व्हलेट (स्क्रिप्ट चालवणारा टॉमकॅटचा भाग) आणि त्याचं मॅपिंग (कोणते यूआरएल त्याच्याकडे जातील ते), दोन्ही कमेंटमध्ये असतात. दोन्हींवरची कमेंट काढायची. स्क्रिप्ट वेब-इन्फखालच्या सीजीआय फोल्डरमध्ये ठेवायच्या. शिवाय ॲपच्या कॉन्टेक्स्टला, म्हणजे टॉमकॅटमधल्या त्या ॲपच्या सेटिंगला, ‘प्रिव्हिलेज्ड’ ट्रू करावं लागतं; त्याने ॲपला टॉमकॅटचे आतले सर्व्हलेट वापरायचा अधिकार मिळतो. ते मी ॲपच्याच मेटा-इन्फमधल्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये केलं. कॉन्फमधल्या सामाईक फाइलीत केलं की सर्व्हरवरच्या प्रत्येक ॲपला तो अधिकार मिळतो, आणि ते धोक्याचं आहे.

काही स्क्रिप्ट पर्लच्या, काही शेलच्या. स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणारा ‘एक्झिक्युटेबल’ पॅरामीटर सर्व्हलेटला दिला नाही तर टॉमकॅट पर्ल गृहीत धरतो. रिकामा ठेवला तर स्क्रिप्ट थेट चालवतो. मी रिकामा ठेवला.

पहिल्याच रिक्वेस्टला लॉगमध्ये ‘एरर=१३, परमिशन डिनाइड’. वॉर (ॲपची एकत्र बांधलेली फाइल) उलगडताना टॉमकॅट एक्झिक्युट परवानगी राखत नाही, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. सीएचमॉडने ती परवानगी दिली. आता ‘एरर=२, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.

एलएसमध्ये फाइल दिसते, नाव बरोबर, परवानगी बरोबर. पण हा एरर दर वेळी स्क्रिप्टबद्दल नसतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत दिलेला इंटरप्रिटर (ती चालवणारा प्रोग्राम) सापडला नाही तरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हाच क्रमांक परत करतो. न दिसणारी अक्षरंही दाखवणाऱ्या ओडी कमांडला ‘-सी’ देऊन ती ओळ अक्षर-अक्षर पाहिली: पर्लच्या पाथनंतर बॅकस्लॅश-आर (कॅरेज रिटर्न), मग बॅकस्लॅश-एन (नवी ओळ). फाइल विंडोजवर सेव्ह झालेली, तिथे ओळीच्या शेवटी ही दोन्ही येतात; लिनक्सवर फक्त दुसरं. कर्नल ‘पर्ल’ शोधतच नव्हता. शेवटी कॅरेज रिटर्न चिकटलेल्या नावाची फाइल शोधत होता. हीच स्क्रिप्ट टर्मिनलवर पर्लला आर्ग्युमेंट म्हणून दिली की व्यवस्थित चालते, म्हणून संशय उगाच टॉमकॅटवर जातो. सगळ्या स्क्रिप्ट डॉस-टू-युनिक्समधून (ओळींचे शेवट लिनक्सच्या पद्धतीचे करणारं साधन) काढल्या आणि रिपोर्ट उघडले.

एक रिपोर्ट तरी अडलाच: पर्लचं मॉड्यूल सापडेना. टॉमकॅट स्वतःचं एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रामला मिळणारी सेटिंगची यादी) स्क्रिप्टला देत नाही. ‘पास-शेल-एन्व्हायर्नमेंट’ ट्रू करून भागलं असतं, पण मग टॉमकॅटच्या एन्व्हायर्नमेंटमधले पासवर्डही प्रत्येक स्क्रिप्टच्या हाती जातात. त्यापेक्षा ‘एन्व्हायर्नमेंट-व्हेरिएबल-’ने सुरू होणारा पॅरामीटर देऊन एकटं ‘पर्ल५लिब’ (मॉड्यूल कुठे शोधायची ते पर्लला सांगणारं सेटिंग) पाठवलं.

यूआरएलमधला मजकूर स्क्रिप्टला कमांड लाइन आर्ग्युमेंट्स म्हणून देणारा पर्याय बंदच राहू दिला. २०१९ मध्ये विंडोजवर त्याच वाटेने बाहेरचा माणूस सर्व्हरवर कमांड चालवू शकत होता, ९.०.१८ मध्ये दुरुस्ती आली.

पुढच्या डिप्लॉयमेंटला परवानग्या पुन्हा जाणारच होत्या, म्हणून वॉरऐवजी आधीच उलगडलेलं फोल्डर टारमध्ये बांधून पाठवायची पद्धत लावली. टार परवानग्या जपतो.