लेफ्ट बॅक

आज सांगलीच्या आयर्विन पुलावरून येताना गाडी आपोआप शिवाजी स्टेडियमकडे वळली. आमच्या फुटबॉल टीममधल्या दोस्ताला जाऊन वर्ष झालं. चोवीसचा होता.

लेफ्ट बॅक खेळायचा, डाव्या बाजूनं बचाव करणारा, म्हणजे पेपरात ज्याचं नाव कधी येत नाही तो. आयुष्यात गोल एकच मारला, तोही आमच्याच जाळीत! वर संध्याकाळी सगळ्यांना भडंगाची पार्टी. "पहिला गोल आहे भावा, साजरा नको करायला?"

दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर. त्यामुळे मोजे कायम पिवळे, लांबूनही ओळखू यायचा. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ओसरल्यावर आठ दिवस हा गावभागात म्हाताऱ्या माणसांच्या घरातला गाळ उपसत होता. बोलला कुणाला नाही, आम्हाला नंतर कळलं.

एका मॅचला चेंडू हाताला लागला. रेफ्रीनं पाहिलं नव्हतं. यानंच हात वर केला. पेनल्टी, आणि आम्ही बाहेर. लय शिव्या घातल्या त्याला. (खरं सांगू? अजूनही वाटतं, गप्प बसायला हवं होतं लेका.)

मघाशी चेंडू माझ्याकडे आला. मुद्दाम डाव्या पायानं मारला. गेला भलतीकडेच. पोरं फिदीफिदी हसली.