गालावरच्या ओळी
रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात म्हाकूल, कोळंबी, बांगडा वेगळे काढल्यावर जी बारीक मासळी खताला जाते, त्यात आम्ही मासळी सर्वेक्षणवाले हात घालतो. "ताई, ह्यो कचरा कशाला पायजे?" असं तांडेलकाका दरवेळी विचारतात, पण जाळं किती वावांवर ओढलं ते चोख सांगतात. त्या दिवशी पन्नास वाव, म्हणजे सुमारे ९० मीटर.

त्यातच हा मासा होता, अंगठ्याच्या पेराहून जरासा मोठा. पोटाखालचे पर जुळून झालेली वाटी पाहिली आणि गोबी कुळातला मासा हे नक्की झालं. खाडीतल्या निवटीच्या नात्यातला, पण खोल पाण्यातला.

खरं काम पुढे असतं. जाळ्यात घासून खवले गेलेले, म्हणून त्यांचे खळगे मोजायचे. गोबीच्या धडावर पार्श्वरेषा, म्हणजे इतर माशांच्या कुशीवर असते ती संवेदनांची रेघ, नसते. त्याऐवजी पाण्याची हालचाल टिपणारे सूक्ष्म उंचवटे डोक्यावर ओळींनी असतात. सायनिन ब्लू या रंगात बुडवल्यावर ते निळे उठून दिसतात. गालावरच्या ओळी आडव्या की उभ्या, डोळ्यामागे छिद्रं किती, यावर प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळी पहिल्यांदा स्पष्ट दिसतात, तो क्षण मला या कामात सगळ्यात प्रिय आहे.

माझा संशय ऑब्लिक्वोगोबियस या प्रजातीवर आहे. त्यातली कोमेटीस ही जाती अल्कॉक या प्राणिशास्त्रज्ञाने १८९० मध्ये 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावरच्या नमुन्यावरून नोंदवली, पण तो नमुना गंजामसमोरचा, बंगालच्या उपसागरातला. आपला मासा तोच का?

डीएनएने उत्तर जवळ आलं असतं. जाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा पुरतो. पण मी दुसऱ्या बोटीवर असताना सहकाऱ्याने अख्खा मासा फॉर्मॅलिनमध्ये टाकला. आधी पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये, मग फॉर्मॅलिन, हे मी बजावून गेले होते. फॉर्मॅलिनमध्ये डीएनएची मोडतोड होते. मोठ्या माशांच्या बाबतीत असा हलगर्जीपणा कोणी करत नाही. लहान मासे मात्र आमच्या तक्त्यात 'इतर' या रकान्यात जातात आणि तिथेच राहतात.

वरिष्ठ म्हणतात, कोमेटीस लिहा आणि अहवाल संपवा. एकदा यादीत छापलं की पुढचे सगळे तीच यादी उतरवतात आणि नीट न ओळखलेला मासा अरबी समुद्रातला होऊन बसतो. मी नुसती प्रजाती लिहिली आहे, पुढे प्रश्नचिन्ह. ते खोडलं तर अहवालावर माझी सही मिळणार नाही, हेही त्यांना सांगितलं आहे.