पामीरचा खडखडाट

"लालबागच्या खड्ड्यांत बाईक शिकलोय, मला काय होतंय" असं आईला सांगून निघालो होतो, पण ताजिकिस्तानातल्या पामीर हायवेवर (नावाला हायवे हां फक्त) मुरगाबच्या अलीकडे आक-बैताल खिंडीत सगळा माज उतरला. उंची ४,६५५ मीटर, कळसूबाईच्या जवळपास तिप्पट, हवा विरळ, त्यामुळे किर्गिझस्तानात ओशला भाड्याने घेतलेली कार्बोरेटरवाली बाईक पहिल्या गिअरलाही खोकत होती. रस्ता नुसता नालीदार पत्रा, दात वाजतात अक्षरशः. नंबर प्लेटचा स्क्रू कुठे पडला देव जाणे, शेवटी लेंग्याची नाडी काढून बांधली.

खोरोगच्या पुढे प्यांज नदी, पलीकडे थेट अफगाणिस्तान. तिकडे एक पोरगा गाढव हाकत होता, मी हात केला, त्यानेही केला.

आईला फोटो पाठवला तर म्हणे, "स्वेटर कुठाय?"